जावयानं नाचायला हवं होतं

…नाही, पण माणसानं गोल मारल्यावर नाचायला नको का? तुम्हीच सांगा! थांबा, आधी ब्रायडी घ्या, आमची ही खिम्याची करंजी, गार होते. कांद्याची ना? वर दोन भोकं असतात ती कांद्याची, एक भोक ती बिनकांद्याची, आत खिमा तोच. आणि जरा आडोशाला उभं राहून खा, हे सीगल मेले टपलेलेच असतात. तर मी काय म्हणत होते, नाचायला नको? निदान ओरडायला? तुम्ही पाहुणे, आज पहिल्यांदा किनहेवनला आलात, तुम्हाला ठाऊक नसणार, पण ही नेटी पंचवीस वर्षं फुटबॉलच्या मैदानातल्या या खिडकीत ब्रायड्या विकतेय, समोर हा असा गोल, दहा पावलांवर, आणि यात बॉल गेल्यावर लोकांनी काय काय केलेलं मी बघितलंय! कुणी कोलांट्या मारतं, कुणी शर्ट काढून भिरकावतं, एकानं तर रेफ्रीचा मुका घेतला होता! आणि आमचा जावई? खाली मान घालून उभा!

गॅव्हिन टलॉक. ऐकलंय नाव? नाही ना? नसणारच. सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या एका बड्या क्लबानं उचलला होता हो त्याला, पेपरात फोटो, खाली लिहिलेलं, ‘स्कॉटलंडची आशा’! आता स्कॉटलंडची आशा म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, जन्मल्या जन्मल्या सर्दी होते तिला. त्या बड्या क्लबानं काय केलं, तर पोराला उसना दिला. उसना! शेजारणीला वाटीभर साखर द्यावी ना, तसा! आज या गावाला, उद्या त्या गावाला, आणि परत मागायला कुणी येईचना! मग गुडघा गेला, मग गुडघा कापला, मग एकेक क्लब धाकटा होत गेला, आणि या सगळ्यात आमच्या कर्स्टीनं त्याच्याशी लग्न लावलं. मी तिला म्हटलं होतं, “बाई गं, करायचाच तर गोलकीपर कर, एका जागी उभा तरी राहतो!” ऐकतेय कशाला! दरवर्षी मे महिना आला की खोकी बांधायची, ऑगस्ट आला की सोडायची, काही खोकी तर सोडतच नाही ती, म्हणते, “राहू दे आई, बांधायचीच आहेत परत.”

पण माणूस म्हणून विचाराल, तर बोट ठेवायला जागा नाही. भांडी घासतो. माझ्या पाठीला औषध चोळतो. रेफ्रीला ‘सर’ म्हणतो, बॉल चुकला तर बॉलची माफी मागेल असा! गुणी आहे हो जावई, गुणी! तिथंच तर घोडं पेंड खातं.

तर गेल्या वर्षी देवाला दया आली म्हणा, हा आला आमच्याच किनहेवनमध्ये. कर्स्टी दोन गल्ल्या पलीकडे राहायला! मी पंचविसातली पंधरा वर्षं तरी हेच मागत होते. नात येऊन माझ्या मांडीवर बसायची, ऑगस्टमध्ये माझ्या घरासमोरच्या शाळेत जाणार, मी तिचा कोटसुद्धा घेऊन ठेवला. आणि जावयानं अख्ख्या सीझनमध्ये गोल किती मारावेत? एकही नाही! बारला मारले, पोस्टला मारले, एक तर त्या रोलरवाल्याला मारला, तो अजून लंगडतो! वरच्या स्टँडमधून लोक काय काय ओरडायचे, “ए टलॉक, घरी जा, सासू वाट बघतेय!” आणि मी इथून ओरडायची, “नाही बघत! तिथंच थांब आणि एक तरी मार!”

शेवटच्या मॅचच्या आधी आमचा मॅनेजर स्पेन्स, तो अंडाकृती तोंडाचा, इथं खिडकीशी येऊन मला म्हणतो, “नेटी, कमिटी म्हणते स्ट्रायकरला एकही गोल नसेल तर त्याला पुढच्या वर्षी ठेवायचं कोणत्या तोंडानं? उद्या एक मारू दे. एकच! मी त्याला ठेवून घेतो.” एकच गोल, म्हणजे कर्स्टी इथं, नात इथं, कोट अंगात! रात्री मी चर्चमध्ये जाऊन देवाला म्हटलं, बाबा रे, वर्ल्ड कप नको मागत मी, तेवढी मला समज आहे.

आणि उजाडतं तर काय, समुद्रावरून धुकं! कसलं धुकं म्हणता, कालवलेलं पीठ! रेफ्री मधोमध उभा राहून म्हणतो, “दोन्ही गोल दिसतायत, खेळवा.” काय दिसतायत! स्टँडमधल्यांना शेजारी बसलेली बायको दिसत नव्हती, काही जण त्यावर खूशही होते. मला मात्र हा समोरचा गोल दिसत होता, जवळच ना! शेवटची पाच मिनिटं, कॉर्नर आला, घुसले सगळे, ढकलाढकली, आपला ब्रॉडी गॉल्ट, तो बैलासारखा डिफेंडर, तोंडावर पडला, आणि बॉल येऊन आमच्या जावयाच्या गुडघ्यावर… कापलेल्या गुडघ्यावर!… आणि आत! आत हो! मी बघितला! या दोन डोळ्यांनी बघितला!

आणि जावई काय करतो? दोन्ही हात वर, मान खाली, जसा काही चुकून कुणाला पाय लागला! का? तर समोर ड्रमलॉकी. त्याचा जुना क्लब! आमच्याकडे रीतच आहे ती, जुन्या क्लबाविरुद्ध गोल मारला तर नाचायचं नाही, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचा मान ठेवायचा. रीत चांगलीये, मी नाही म्हणत नाही, पण आमच्या लीगमध्ये क्लब दहा, त्यातले सात याचे जुने! हा नाचणार कधी? राहिले आम्ही आणि दोन, आणि त्या दोघांना याला गोल मारता आला नाही! गुणी आहे हो, गुणी! तिथंच तर घोडं पेंड खातं!

मी खिडकीवर पळी आपटत ओरडतेय, “नाच! अरे नाच मेल्या!” हातातली ब्रायडी फेकून मारली त्याला, ती सीगलनं वरच्या वर झेलली! आणि तेवढ्यात हा ब्रॉडी उठला, तोंडात चिखल, त्याला वाटलं असेल आपल्याच डोक्याला लागून गेला, किंवा काही वाटलंही नसेल, शर्ट डोक्यावर ओढून हा सुटला कोपऱ्याकडे, गुडघ्यांवर घसरत! धुक्यातून स्टँडला दिसलं काय? पळणारा ब्रॉडी. माइकवाल्या आर्चीला दिसलं काय? पळणारा ब्रॉडी. “गोऽऽल! ब्रॉडी गॉऽऽल्ट!” रेफ्रीनंही तेच लिहून घेतलं, जो नाचला त्याचा गोल!

मी तशीच एप्रन लावून आत घुसले, मॅनेजरच्या खोलीत. “स्पेन्स, गोल गॅव्हिनचा आहे, मी बघितलाय!” तर म्हणतो, “नेटी, तू सासू. सासूची साक्ष कोण धरणार?” मग जावयाला बोलावलं. “काय रे टलॉक, तुझा होता का?” आणि हा काय बोलावा? “गुडघ्याला लागल्यासारखा वाटला… पण ब्रॉडी इतका खूश झाला होता, मग म्हटलं कशाला…” कशाला! मला वाटलं कपाळ फोडून घ्यावं, माझं की त्याचं एवढंच ठरत नव्हतं. ड्रमलॉकीचा मॅनेजर दारातच उभा, त्याला मी म्हटलं, “अहो, तुमच्या मानासाठी गप्प राहिला हो हा! सांगा यांना!” तर तो याला खालून वर बघतो नि म्हणतो, “हा आमच्याकडे होता? कधी?”

“तीन आठवडे,” जावई म्हणतो. “उसना आलो होतो. मांडी दुखत होती, खेळलो नाही. पण तुमच्याकडे सूप फार छान मिळायचं.”

सूप! ज्यांना याचं तोंड आठवत नाही, त्यांच्या सूपासाठी माझ्या नातीची शाळा गेली! हसता काय? हसा, हसा, मी काही बोलणार नाही. कमिटीनं काय केलं माहितीये? पुढं खेळायला ब्रॉडीला घेतलं, म्हणे त्याला गोलाची नजर आहे! आणि जावयाला पार उत्तरेच्या एका क्लबानं बोलावलं, जिथून पुढं नुसता समुद्र आणि मग नॉर्वे. काल कर्स्टी खोकी बांधत होती, नात दाराला धरून रडत होती, मला काही ते बघवेना हो… खोटं कशाला बोलू, मीही रडले. आणि सगळा राग त्याच्यावर काढला, म्हटलं, “अरे, आता तरी काही बोल! त्या स्पेन्सच्या दारासमोर जाऊन ओरड, दगड मार, किनहेवनला एक शिवी तरी घाल!”

तर खोक्याला दोरी आवळता आवळता हा मला म्हणतो कसा, “नको आई. बरं दिसत नाही. किनहेवनही आता माझा जुना क्लब झाला ना.”