देवांच्या मागच्या रांगेत

“पहिली रांग देवांची, तिथं बसू नका गं!” सू-चेन लहान असताना देवळापुढं सिनेमाचा पडदा ताणला, की पुजारीबाबा असे ओरडायचे. आज गावच्या माहितीपट महोत्सवातही ती रांग रिकामीच होती. सू-चेनच्या मागं दोन म्हाताऱ्या बहिणी कुजबुजत होत्या.

“ताई, तुझ्या नातीनं तुझ्यावर काढलेला माहितीपट कधी गं?”

“आता हाच. चल आ-मान, ऊठ, कालवांचं धिरडं खाऊ.”

“दोन तास बसमध्ये आदळत आले, ती धिरडं खायला?”

“माझं थोबाड काय बघायचंय!”

“थोबाड नको, गोष्टी हव्यात. सहाव्या वर्षी मला परक्या घरी, पुढं सून करायला म्हणून, देऊन टाकलं. आपलं घर मला आठवतच नाही. बघू दे की. अगं, रडतेस काय?”

“वारा झोंबतोय.”

“वारा केव्हाचा पडलाय.”

दिवे मालवले. पडद्यावर भरती चढू लागली, आणि देवांच्या खुर्च्या निळ्या उजेडात तरंगू लागल्या.

“आ-मान, पडद्यानं सांगायच्या आधी मीच सांगते. तुझ्या सासरचे खरं तर मला न्यायला आले होते. मी टोपल्यांमागं लपले, म्हणून आईनं तुला दिलं.”