भरीत आता मंगला करते

माझा जन्म यावलकडच्या खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला होते, पण थंडी पडली की त्यांना वेगळीच बोलावणी यायची, कारण आमच्याकडे थंडीत शेतात भरताच्या पार्ट्या होतात, पाव्हणे येतात, गावकरी जमतात, आणि वांगी भाजणारा माणूस चांगला लागतो. कपाशी वेचून झाली की शेतात काड्या उरतात, त्या पेटवायच्या, त्यावर मोठाली हिरवी-पांढरी वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, घालून ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांची तेलात फोडणी. वडील गेल्यावर ती बोलावणी मला यायला लागली. लग्न झालं, मग जळगावला आलो, रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं आणि किलोवर भरीत विकायला लागलो. माझं सगळं आयुष्य त्या धुराजवळ गेलं, दुसरं काही मला येत नाही.

मंगला, माझी बायको, धुळ्याकडची. तिची बोली अहिराणी, माझी वेगळी. सुरुवातीला ती बोलायची आणि मी हसायचो, आहेला शे आणि सगळ्याला बठ्ठं म्हणायची, ते ऐकून गिऱ्हाईकं पण हसायची. तिनं काही बोली सोडली नाही. ती म्हणायची, मी भाकर तुमनी खासू, बोली मनी बोलसू. वांगी सोलणं, मिरच्या निवडणं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटणं, हे तिचं. फोडणी माझी. तिथं मी कोणाला हात लावू देत नव्हतो.

मागच्या वर्षी खोकला धरला तो सुटेना. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, आत बोलावलं आणि विचारलं काम काय करता, मी सांगितलं. तो म्हणाला, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती परत मऊ होणार नाहीत, धूर आजपासून बंद. मी विचारलं किती दिवस आहेत माझे, तर म्हणाला असं सांगता येत नाही, पण घरचं काय ते लावून ठेवा. बाहेर बाकावर मंगला बसली होती, तिला मी म्हणालो, नुसता दमा आहे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

तेव्हापासून मला एकच लागलं, की माझ्यामागं दुकान चाललं पाहिजे. मुलगी धुळ्याला दिलेली, तिचा संसार तिला. मंगलाचं पोट या दुकानावर, आणि गोकुळचं. गोकुळ सातपुड्याच्या पायथ्याचा, माझ्याच वयाचा, कित्येक वर्षं माझ्याजवळ आहे. त्याला भट्टी दिली, भाजण्यात तो माझ्यापेक्षा कमी नाही. मंगलाला पहाटे बाजारात न्यायला लागलो. वांगं हातात घेऊन बघ, आकारानं मोठं आणि हाताला हलकं असलं तर घे, जड लागलं तर आत बिया असतात, असं तिला शिकवलं. बाजारातले लोक म्हणायचे, का भाऊ, वहिनींना दुकान देऊन तुम्ही काशीला चालले का. मी म्हणायचो हो. पाटीवर माझ्या फोन नंबराखाली तिचा नंबर घालायला पेंटर बोलावला, तर तो शिडीवरून विचारतो, भाऊ, वरचा पुसू का. मी म्हणालो, राहू दे अजून.

सगळं देत होतो, पण फोडणी माझ्याकडून सुटत नव्हती. मी तोंडाला रुमाल बांधून कढईपुढे उभा राहायचो. त्यात त्या हंगामात मला वांग्यात दमच वाटेना. मला वाटलं, बी बदललं, खतं फार मारतात, तेलात भेसळ आहे. भाजीवाल्याशी दोनदा भांडलो. मिरची वाढवली, मीठ वाढवलं, तरी मला फिकंच लागायचं. गोकुळवर ओरडायचो, कारण मी सांगायचो त्यापेक्षा तो जास्त वांगी भाजून ठेवायचा आणि ती कुठं जातात ते कळायचं नाही. तो मान खाली घालून म्हणायचा, जळाली भाऊ काही.

आणि मंगलाला तर काय काय बोललो. शिकवायचं म्हणून मधूनमधून माझ्यादेखत तिला फोडणी करायला लावायचो, चाखायचो आणि खाली ठेवायचो. एकदा दुकानात गर्दी होती, लोक रांगेत होते, मी मोठ्यानं म्हणालो, इतकी वर्षं बघून पण तुझ्या हाताला चव नाही आली, मी गेलो की दुसऱ्या दिवशी कुलूप लागेल इथं. लोक रस्त्याकडे बघायला लागले. तिनं कढई खाली उतरवली आणि म्हणाली, तुम्ही भायेर बसा, आठे धूर शे. रोज ती असंच म्हणायची, माझी फोडणी झाली की मला बाहेर बसवायची, आणि मला वाटायचं काळजीनं म्हणते. काळजीनंच म्हणायची, पण ती काळजी वेगळी होती.

मुलीचं बाळंतपण आलं म्हणून मंगला धुळ्याला गेली. जाताना दुकान बंद ठेवायला लावलं आणि सांगून गेली, मी येवापावत बाहेरनी ऑर्डर ल्यू नका. मी घेतली. असोद्याचे नाना, जुने गिऱ्हाईक, दर थंडीत त्यांच्या बागेत पार्टी असते, त्यांना नाही कसं म्हणायचं. आणि मला वाटत होतं की हे शेवटचं असेल, एकदा माझ्या हातचं जाऊ द्यावं. गोकुळ म्हणाला, भाऊ, वहिनी येऊ द्या. मी म्हणालो, तुझी वहिनी माझ्याकडून शिकली का मी तिच्याकडून.

बागेत सगळं नेहमीसारखं. काड्या पेटल्या, गोकुळनं वांगी भाजली, ठेचली, मी फोडणी दिली, खोकत खोकत दिली, पण मन लावून दिली. केळीच्या पानांवर पंगत बसली. भरताच्या पंगतीत आमच्याकडे फार गोंगाट असतो, कोणी किती खाल्लं यावरून चिडवाचिडवी चालते. त्या दिवशी पहिल्या घासानंतर आवाज कमी झाला. मी वाढायला गेलो तर लोक पानावर हात आडवा धरायचे, नको भाऊ, पुरे. पुऱ्या कांद्याबरोबर खात होते. एक पोरगं थू थू करायला लागलं, तर आईनं त्याला उठवून दुसरीकडे नेलं.

नानांनी मात्र पानातलं सगळं संपवलं, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, भाऊ, आज वहिनी नही आल्या का सोबत. मी म्हणालो, ती धुळ्याला आहे, का हो. तर म्हणाले, मीठ जरा पुढे गेलं आज. तुमची तब्येत बरी नही, तुम्ही कायले आले, वहिनी करतात ना आता.

वहिनी करतात ना आता, हे त्यांना माहीत, मला नाही.

येताना टेम्पोत मी गोकुळला विचारलं. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, तुम्ही बाहेर बसले की वहिनी तुमचं भरीत परातीत काढायच्या, त्यात बिनमिठाची ठेचलेली वांगी मिसळायच्या, वरून नवी फोडणी द्यायच्या, म्हणून मी जास्त भाजायचो. भाऊंना सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. टेम्पो चालला होता आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं. घरी आल्यावर मी लसूण फोडून नाकाला लावला, मग कांदा कापला. डोळ्याला पाणी आलं, वास आला नाही. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं तर नुसतं काहीतरी खरखरीत. डॉक्टर म्हणाला असं होतं, धुरानं असेल, औषधांनी असेल, येईल का परत, सांगता येत नाही.

मंगला आली नातवाला बघून, खुशीत होती, मी तिला बसू पण दिलं नाही. विचारलं, कधीपासून. तिनं गोकुळकडे पाहिलं आणि समजली. म्हणाली, दसरापाईन. मी म्हणालो, सांगितलं का नाहीस, मी तुला लोकांपुढे इतकं बोललो तेव्हा तरी सांगायचं. ती साडीचा पदर नीट करत राहिली. मग म्हणाली, भट्टी गोकुळले दिधी, बाजार माले दिधा, ती कढई बी मी काढी लिधी तं तुमनाजोडे काय ऱ्हाई.

मी दम्याचं खोटं सांगितलं होतं, ते पण तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरचं बोलणं दारातून ऐकू येत होतं म्हणे.

तर मी दुकान लावून देत होतो, शिकवत होतो, ओरडत होतो, आणि दुकान माझ्याशिवाय केव्हाच चालू झालं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मला हेच पाहिजे होतं ना. पण मी त्या दिवशी जेवलो नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, जेवण करी ल्या आते.

आता मी इथं बाहेर खुर्चीवर बसतो. जिना चढवत नाही, दोन वाक्यं बोललो की थांबावं लागतं, तुम्ही बघताच आहात. गाड्या थांबतात, जामनेरहून लोक येतात, खातात, बोटं चाटतात, म्हणतात भाऊ, तुमचा हात तोच आहे. मी सांगतो, माझा नाही, आत आहे तिचा. ती आतून ऐकते.

रोज मला पण ताट येतं. मी खातो. गरम आहे हे कळतं, मऊ आहे हे कळतं, दाताखाली शेंगदाणा कळतो. पुढचं नाही कळत. या रस्त्यावरून जाणारा कोणीही माणूस थांबून तिच्या हातचं खाऊन जातो, त्याला कळतं, मी एकटाच असा आहे. म्हणून लोक खाताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, लोकांना वाटतं म्हातारा टक लावून का बघतोय.

तिचं चांगलं चालू दे, माझं काही नाही. तुमचं लिहून झालं असेल तर आत बसा, ती वाढते तुम्हाला. खाऊन झालं की मात्र इकडे या. नुसतं छान होतं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. मीठ कसं होतं, तिखट कुठं लागलं, लसणाचा वास आधी आला का मागून, ते मला नीट सांगा.