माझ्या कानातली गोचीड

आता तुम्ही हसाल, पण परवा माझ्या कानातून जिवंत गोचीड निघाली. दोन दिवस कानात कुणी खुरपं घेऊन बसल्यासारखं वाजत होतं, आणि ठणका तर विचारूच नका.

दवाखान्यात नेताना मुलगा म्हणाला, "अण्णा, हे तुमच्या गोठ्याचं फळ. आजपासून गोठ्यात जाणं बंद."

आता कात्रजच्या आमच्या रानात इमारती उगवल्या. एक गोठा आणि दोन गाई तेवढ्या राहिल्या. तिथं जायचं नाही, तर सातव्या मजल्यावर काय भिंतींना वैरण घालू?

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं गोचीड ओढून काढली, बशीत ठेवली आणि म्हणाल्या, "ही कुत्र्याची दिसतेय. घरात कुत्रा आहे?"

सूनबाई म्हणाली, "कुत्रा नाही हो, ब्रूनो आहे."

ऐकून बरं वाटलं. म्हणजे गोचीड घरातल्या माणसाचीच होती. दुपारी तो माझ्याच उशीवर डोकं ठेवून झोपतो, एवढी त्याची माया.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग ब्रूनोला औषध लावा, आणि घर साफ होईपर्यंत बाहेर ठेवा."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, एसीशिवाय झोप नाही लागत त्याला!"

मुलगा नुसता माझ्याकडे बघायला लागला.

मी हळूच म्हटलं, "मला लागते, बाळा."

तेव्हापासून मुक्काम गोठ्यात. काल मुलगा डबा घेऊन आला, म्हणाला, "अण्णा, इथं गोचिडी नाहीत ना?"

म्हटलं, "होत्या रे. एसी नाही म्हणून तुमच्याकडं गेल्या."