फादरांची ताई

— नाही, त्या खुर्चीत नको, ती त्याची. उद्या-परवा चर्चवाले येतील न्यायला. इकडे पलंगावर बस. हां, म्हणजे तू ती, बरी झालेली. मला वाटलं होतं कुणी थकलेली बाई असेल, तू तर चांगली ठणठणीत आहेस — आणि कशी नसशील म्हणा. डॉक्टरांनी हात टेकले, तू आमच्या धाकट्याचा धावा केलास, पोटातली गाठ गेली, आणि तो झाला संत. चर्चमधलं, वेदीजवळचं त्याचं चित्र पाहिलंस? केस कसले दाट दाखवलेत. टक्कल होतं अगं त्याला, ऐन तारुण्यात पडलेलं.

या खोलीत आता बघण्यासारखं काही उरलं नाही. झगा नेला, चष्मा नेला, दाढीचं भांडंसुद्धा नेलं, काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. आणि पुस्तक काढलंय त्याच्यावर, त्यात मी अर्ध्या ओळीत आहे — घरची व्यवस्था त्यांची बहीण पाहत असे. पाहत असे म्हणजे काय, खिडकीत बसून पाहत होते का मी? त्याला पहिलं चर्च मिळालं तेव्हा आई म्हणाली, याला साधा चहा येत नाही, तू जा चार दिवस. त्या चार दिवसांत माझं जमलेलं लग्न — जाऊ दे, ते तुला कशाला सांगतेय. तर तो काय करायचा, वाढलेलं ताट उचलून दारात आलेल्याला द्यायचा. लोक म्हणायचे, काय हे मन. मग हा उपाशी कसा झोपेल म्हणून मी माझं ताट त्याच्यापुढे सरकवायचे, आणि तो जेवायचा, चवीनं जेवायचा. म्हणजे उपास कुणाला घडला? गावभरची आजारपणं त्याला तोंडपाठ. मला ताप आला की म्हणायचा, ताई, जरा पडून राहा — आणि छत्री घेऊन दुसऱ्याच्या तापाकडे निघायचा.

तो गेला तेव्हा म्हटलं, आता तरी माझा. मेलेल्या माणसाला बहिणीशिवाय कोण असतं? दर शुक्रवारी चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सेची प्रार्थना ठेवायचे. भूक लागली की भांडी आपटायचा ना तो, ते वर कुणी मनावर घेतलं असेल तर माफ व्हावं म्हणून मीच रदबदली करायचे. मला बरं वाटायचं त्यात, अजून त्याचं काहीतरी माझ्याशिवाय अडतंय असं. तर नवे फादर हसून म्हणाले, आजी, आता हे बंद करा, संतासाठी मिस्सा नसते. तो स्वर्गातच आहे, आता तुम्ही त्याच्याकडे मागायचं. काय मागू मी त्याच्याकडे? ज्याला स्वतःचे मोजे सापडत नव्हते त्याच्याकडे? मी नाही मागितलं काही. म्हणजे — डोळ्यांचं एकदा मागितलं, हा उजवा गेलाच आहे, डावा तरी राहू दे म्हणून. एकदाच. बरं, रोज मागते. आणि तू कोण, कुठली, त्यानं तुला जन्मात पाहिलं नव्हतं — तुझी गाठ मात्र गेली. जळते मी तुझ्यावर, खरंच सांगते. तू बरी व्हायला नको होतीस असं नाही गं. पण जळते.

आणि चर्चच्या चौकशीत साक्ष देताना तू सांगितलंस, तो तुझ्या उशाशी येऊन उभा राहिला. माझ्या तर स्वप्नातही आला नाही कधी. काय म्हणाला? घाबरू नकोस — एवढंच? घाईत असेल, नेहमीच असायचा. पण ताईचं काही — माझं काही विचारलं का त्यानं? ...विचारलं? कशी आहे म्हणाला? ...थांब. माझं तोंड बघून हो म्हणत मान हलवलीस तू. मला एका डोळ्यानंही तेवढं दिसतं. एवढं खोदून खोदून विचारलं त्या लोकांनी, तेव्हा नाही आठवलं ते तुला?

बरं. ऊठ आता, बस जाईल तुझी. आणि हे बघ, आता जे म्हणालीस ना मला, ते चर्चमध्ये कुणाला सांगू नकोस. त्या पुस्तकवाल्याला तर मुळीच नको. तेवढं माझ्याकडे राहू दे. जा, दार ओढून घे.