जावईबापूंना सांगायची राहिलेली गोष्ट

सुनंदाताई, आणि आज जपानातल्या या त्सुकुबात ब्रेंडनना निरोप द्यायला जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर नीट झोपही नाही. कागदावर लिहून आणलंय, तेवढं वाचतो.

ब्रेंडन आयर्लंडचे. सुनंदाताईंचे यजमान, म्हणून आपल्या सगळ्यांचे जावईबापू. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. दर शनिवारी सकाळी कचरा टाकून आलो की वर चहाला जायचं, अशी अकरा वर्षं गेली. त्यांच्या टेबलाला एक नियम होता, त्यांच्या गावाकडचा. आधी घरच्याने गोष्ट सांगायची, मग पाहुण्याने. सुटका नाही.

एकदा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा इंग्रजांच्या पोलिसांत शिपाई. इंग्रज गेले आणि गावातल्या दुकानदाराने त्यांना मीठसुद्धा द्यायचं बंद केलं. पुढे घरचे सगळ्यांना सांगायचे, आजोबा शेतकरी होते. थडग्यावरही तेच कोरलं. पंधराव्या वर्षी ब्रेंडनना माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात वर्दीची बटणं सापडली. वडिलांना विचारलं, तर वडील उठून गाईंकडे गेले.

"आयरिश म्हणजे कोण, असं लोक मला विचारतात," ब्रेंडन म्हणाले. "मी त्यांना ही बटणांची गोष्ट सांगतो. आता तू. तुझे आजोबा?"

मी म्हणालो, शिक्षक होते.

"कुठल्या शाळेत?"

मी शाळाही सांगितली.

"कडक होते?"

"फार."

"तरीच हा असा गप्प!" सुनंदाताई म्हणाल्या. सगळे हसले. आठवतंय ना, ताई? माझी लेक इरा तेव्हा तिथेच चित्र रंगवत बसली होती. पुढे तिने शाळेत जपानीत निबंध लिहिला, माझे पणजोबा शिक्षक होते. मी तो फ्रिजवर लावला. अजून आहे.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये ब्रेंडन म्हणाले, "त्या शाळेची गोष्ट राहिली रे."

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. मी म्हणालो, "तुम्ही बरे व्हा, मग सांगतो."

"म्हणजे गोष्टही आधी मीच सांगायची, आणि आता बरंही मीच व्हायचं!"

ते बरे झाले नाहीत.

इरा, तूही ऐक. माझे आजोबा शिक्षक नव्हते. इंग्रजांच्या पोलिसांत हवालदार होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांच्याच गावात मोर्चा निघाला, आणि त्यांनी लाठी चालवली. समोर त्यांचा चुलतभाऊ होता. त्याचा हात कायमचा वाकडा राहिला. म्हातारपणापर्यंत तो आमच्या दारावरून जायचा. आत कधी आला नाही. आजोबा त्या वेळी ओट्यावरून उठून आत जायचे. मला सायकल त्यांनीच शिकवली. हेही खरं आहे.

एवढीच गोष्ट होती. चहा निवायच्या आत सांगून झाली असती.

तो निबंध मी घरी गेल्यावर फ्रिजवरून काढतो, इरा. नाहीतर तूच ठरव.

जावईबापू, पाहुण्याची गोष्ट झाली.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.