गाडी सेट झाली की सुटला भिकन

...नाही, पण मला एक सांगा मंडळी, गाडी कोणाची? शेठची. तिच्यात मागे बसणार कोण? शेठ, शेठची आई, शेठचा मुलगा. आणि तिच्या स्प्रिंगा नरम घ्यायच्या का कडक, हे ठरवायचं कोणी? तर भिकनने! म्हणजे मी! अहो मी गाडी चालवतो, गाडी जन्माला घालत नाही! पण नाही, शेठचा फोन, भिकन, तुंज नक्की कर. तूच ठरव. शेठच्या आईंचा निरोप, भिकनला सांगा, त्याला माझी कंबर माहीत आहे. शेठच्या मुलाचा, चेतनभाईंचा मेसेज, काका, आप देख लो ना. सगळे मलाच देख लो म्हणतात, आणि मी कोणाला देखू?

तुम्हाला सांगतो, गाडी म्हणजे साधीसुधी नाही. लांबलचक, काळी, चारही चाकं एकदम ओढणारी. आपल्या गाड्यांची दोन चाकं काम करतात आणि दोन मागे मागे फिरायला येतात, तसं हिचं नाही, हिची चारही कामाला. बर्फात चालते म्हणे. आता सुरतमध्ये बर्फ कुठे, तर उसाच्या रसाच्या लारीवर, हातगाडीवर! पण घेतली शेठने. आणि चालते कुठे, तर वेसूच्या गुळगुळीत रस्त्यावरून निघते आणि पांडेसऱ्यात शिरते. पांडेसऱ्यात आमच्या शेठची डाइंग मिल आहे, आणि तिथला रस्ता... त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका खड्ड्यात लाल पाणी, दुसऱ्यात हिरवं, आज मिलमध्ये कुठला रंग चाललाय ते खड्डा बघून कळतं. त्यात ही गाडी जमिनीला पोट लावून चालणारी. खर्रर्र! प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्रर्र! शेवटी चारही शॉकअप बसले, गाडी मागून धडाधड आपटायला लागली, आणि शेठ म्हणाले, बदलायचेच आहेत तर चांगले टाकू. झालं! तिथून माझे भोग सुरू झाले.

आता तुम्ही म्हणाल, भिकनभाऊ, एवढा वैताग कशाला, हात जोडायचे आणि सांगायचं, शेठ, मला यातलं कळत नाही. अहो सांगितलं असतं! पण माझं घोडं तिथेच अडलेलं ना! माझी कंबर गेलीय. वीसेक वर्षं शेठची गाडी चालवतोय, आधी एक होती, मग दुसरी, आता ही, आणि कंबर मात्र तीच एक, तिला कोण बदलतं? सकाळी उठताना आधी कुशीवर वळतो, मग भिंत धरतो, मग देवाचं नाव घेतो, तेव्हा कुठे उभा राहतो. डॉक्टरने सांगितलं, भाई, ड्रायव्हिंग सोडा, नाहीतर एक दिवस सीटवरून उचलून काढावं लागेल. म्हणून मी शेठकडे गेलो, म्हटलं मला मिलमध्ये फोल्डिंग खात्यात घ्या. कापड मोजायचं, घडी नीट पडते का बघायचं, खुर्ची आहे, पंखा आहे, रविवारी सुट्टी आहे. शेठ माणूस वाईट नाही हो, लगेच हो म्हणाले. फक्त एक शेपूट लावलं. म्हणाले, "गाडी सेट थई जाय एटले तुं छूटो."

गाडी सेट झाली की तू सुटला! बस, या एका वाक्यावर मी लटकलो. गाडी सेट होत नाही आणि भिकन सुटत नाही.

गेलो उधन्याला, राहुलच्या गॅरेजला. मला वाटलं शॉकअप म्हणजे शॉकअप, द्यायचे, बसवायचे, चहा प्यायचा, घरी जायचं. राहुल म्हणतो, कंफर्ट हवे का स्पोर्ट? गॅसचे का तेलाचे? नुसते शॉकअप का स्प्रिंगसकट पूर्ण सेट? गाडी खाली बसवायची का आहे तेवढीच ठेवायची? आणि वर दम देतो, काका, चारही चाकांची गाडी आहे, मनाला येईल तशी वरखाली केली तर शाफ्टचा कोन बिघडतो, मग माझ्या नावाने ओरडायचं नाही. अरे बाबा, मी ओरडायला आलोय का? मी सुटायला आलोय! त्याला म्हटलं, तूच सांग चांगलं कुठलं. तर म्हणतो, तुमच्या घरच्यांना काय पाहिजे ते आधी ठरवून या. घरच्यांना! माझ्या घरच्यांकडे सायकल आहे!

मग काय, आलो बंगल्यावर, एकेकाला विचारत सुटलो. बा, म्हणजे शेठच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, रोज हवेलीत, म्हणजे कृष्णाच्या देवळात, दर्शनाला जातात. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. झोका न थांबवता म्हणाल्या, "भिकन, मारा पेटनुं पाणी न हालवुं जोईए." आपण पण म्हणतोच की, पोटातलं पाणी हलायला नको. म्हणजे नरम. ठीक. बंगल्याच्या लिफ्टमध्ये भेटले चेतनभाई. ते रविवारी डुमसच्या रस्त्याला गाडी घेऊन जातात, आणि मोठी गाडी वळणावर बोटीसारखी डुलते म्हणून मित्र हसतात त्यांना. ते म्हणाले गाडी एकदम खाली बसव काका, रोड से चिपकनी चाहिए, कडक, एकदम कडक. म्हणजे आजीला गादी पाहिजे आणि नातवाला फळी पाहिजे, आणि दोघांना एकाच गाडीत पाहिजे! आणि शेठ? शेठला फक्त मिलच्या गल्लीत खर्रर्र नको. म्हणजे उंच. आता आजीची नरम, नातवाची खाली, बापाची उंच, अशी गाडी कुठल्या देशात बनते ते मला दाखवा, मी स्वतः जाऊन आणतो.

मी म्हटलं असं चालायचं नाही, मालकाचा शब्द शेवटचा. शेठला फोन लावला. शेठ मार्केटमध्ये, कापडाच्या पार्टीसमोर बसलेले, घाईत. मी म्हटलं, शेठ, राहुल विचारतो कसं टाकू, एका शब्दात सांगा, मी तेच करतो. शेठ म्हणाले, "ऊंचो माल नखावजे, हलकुं नहीं चाले." आणि फोन बंद.

आता हसू नका. माझ्या जागी बसून विचार करा. एवढी वर्षं सुरतमध्ये काढली, ऊंचो माल म्हणजे भारीतला माल हे मला कळत नाही? कापडात ऊंचो माल म्हटलं की मी डोळे मिटून समजतो. आपल्याकडे नाही का, उंची साडी म्हणतो, ती काय कोणी माळ्यावर चढून नेसतं? सगळं कळतं! पण विषय चालला होता गाडीचा! खाली घासते, खाली घासते म्हणून डोकं खाल्लेलं पंधरवडाभर! त्यात मालक म्हणतो ऊंचो! मी काय समजायचं? मी समजलो उंच. आणि मनात म्हटलं, वा शेठ, एका शब्दात निकाल लावला. राहुलला सांगितलं, उंच कर. त्याने दोनदा विचारलं, काका, नक्की? मी छाती पुढे काढून सांगितलं, मालकाचा हुकूम आहे. त्याने कुठून कुठून उंच स्प्रिंगा मागवल्या, चारही बाजूंनी बसवल्या आणि गाडी खाली उतरवली. खाली कसली... उतरलीच नाही ती! अशी वर उभी राहिली, की चिखलातून जाताना बाई साडी वर धरते ना, अगदी तशी.

घेऊन गेलो बंगल्यावर. शेठने गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. मग हळूच म्हणाले, भिकन, आ तो टेम्पो थई गयो. मी म्हटलं, शेठ, तुम्हीच म्हणालात ऊंचो. ते म्हणाले, अरे ऊंचो माल, ऊंची गाडी नहीं! चेतनभाई तर तोंडावर हात धरून आतच निघून गेले. आणि बा दर्शनाला निघाल्या, दाराशी आल्या, एक पाय उचलला, सीट बघितली, पाय खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, भिकन, निसरणी लाव. शिडी आण म्हणे! सगळा नोकरवर्ग हसतोय, वॉचमन हसतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोरून फोल्डिंग खात्याची ती खुर्ची पंख्यासकट लांब लांब चाललीय. रडू आलं हो मला खरंच. शेठ रागावले नाहीत, ते तेवढंच परत म्हणाले, गाडी सेट थई जाय एटले तुं छूटो.

घरी आलो भेस्तानला. आमच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, गरम पाण्याची पिशवी कमरेला लावली आणि ताड ताड सुनावलं, अहिराणीत, कारण ती चिडली की मराठी विसरते. म्हणते, "गाडीनी कंबर बठ्ठासले दखास, तुमनी कोनलेच दखात नई." गाडीची कंबर सगळ्यांना दिसते, तुमची कोणालाच दिसत नाही. खरंच होतं ते.

पुन्हा राहुल. या वेळी हात जोडले, म्हटलं बाबा, असं काहीतरी दे की म्हातारी बसली तर नरम, पोरगं बसलं तर कडक, आणि मिलच्या गल्लीत घासायला नको. तो म्हणाला, आहे की! काका, आधी बोलायचं ना! आधी बोलायचं म्हणे! त्याने एक सेट दाखवला. उंची एकदाच पान्याने बसवून टाकायची, मधली, शाफ्टलाही त्रास नाही. आणि नरम-कडक करायला प्रत्येक शॉकअपला एक छोटी चावी, हाताने फिरवायची, टिक टिक टिक. डावीकडे नरम, उजवीकडे कडक. बटण नाही, मोबाईल नाही, हाताने. मला तर देव भेटला! बसवला. आणि तुम्हाला सांगतो, जमलं! सकाळी बांसाठी टिक टिक डावीकडे, बा हवेलीपर्यंत डोळा लागून गेल्या. रविवारी चेतनभाईंसाठी टिक टिक उजवीकडे, डुमसच्या वळणावर गाडी जागची हलेना, मित्र गप्प. शेठसाठी मधोमध, पांडेसऱ्यात शिरलो, लाल खड्डा गेला, हिरवा गेला, खर्रर्र नाही. शेठने मागून खांद्यावर थाप मारली, म्हणाले, आजे गाडी सेट थई गई.

फक्त एक गोष्ट होती. पुढच्या दोन चाव्या बॉनेट उघडून फिरवता येतात, पण मागच्या दोन खालून. जमिनीवर पोतं टाकायचं, पाठीवर झोपायचं, सरकत आत जायचं. रोज. माझ्या या कमरेने! पण मी म्हटलं जाऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे, आपण तर सुटलो.

आणि सुटलो पण! शब्द पाळला शेठने. किसन म्हणून नवा ड्रायव्हर ठेवला, तरुण, स्टिअरिंगवर हात साफ. त्याला मी सगळं शिकवलं, बांना एवढं, चेतनभाईंना एवढं, शेठना एवढं, आणि लक्षात ठेव, खाली झोपलं की उजवं ते डावं होतं. तो मान हलवत होता. मी फोल्डिंग खात्यात गेलो, खुर्चीत बसलो, पंखा लावला. अहाहा! कंबर टेकली तेव्हा आवाज आला आतून, आई गं, असा. सुखाचा!

किसनने उजवं-डावं उलटंच केलं. बा बसल्या चेतनभाईंच्या कडक गाडीत, हवेलीपर्यंत कृष्ण कृष्ण करत गेल्या आणि तीन दिवस झोपाळ्यावर बसल्या नाहीत. चेतनभाईंना मिळाली बांची नरम, वळणावर अशी डुलली की मागे बसलेल्या मित्राने दार उघडून उलटी केली. शेठने किसनला बोलावलं. तो पोरगा खमक्या. म्हणाला, मला गाडी चालवायला ठेवलंय का गाडीखाली झोपायला? मी ड्रायव्हर आहे, फिटर नाही. आणि किल्ली टेबलावर ठेवून गेला. मला त्याचा राग नाही आला, उलट वाटलं, हे एवढंसं वाक्य मला इतक्या वर्षांत एकदाही कसं सुचलं नाही!

संध्याकाळी शेठ स्वतः फोल्डिंग खात्यात आले. माझ्या समोर स्टूल घेऊन बसले. एवढा मोठा माणूस, स्टुलावर. म्हणाले, भिकन, गाडी तो सेट छे, पण तारा हाथ पर सेट छे. मी काय समजायचं ते समजलो. खुर्चीचे हात घट्ट धरले. शेठना पण वाईट वाटत होतं हो, ते खोटं नाही. डोळे खाली घालून म्हणाले, मला ठाऊक आहे तुझी कंबर दुखते, कधी विचारलं नाही मी, चूक झाली. राहुलला सांगून ड्रायव्हरची सीटच बदलून टाकू, खास तुझ्यासाठी. बोल, कशी टाकू, नरम का कडक? तुंज नक्की कर.

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी कंबर विचारली! आता अशा वेळी माणूस नाही म्हणेल का? पंखा बंद केला, उठलो, भिंत धरून उभा राहिलो आणि म्हणालो,

"नरमच टाका शेठ. आता उतरायचं तर नाहीच."