केसरबाईचं तणस

चिमूरच्या बसस्थानकात चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी शेजारच्या म्हाताऱ्या बाईला कागद दाखवत होती.

"देशात शेतातल्या कचऱ्यापासून किती वीज होईल, त्याचा अंदाज आम्ही काढून राह्यलो, केसरबाई. पेंढा म्हणून तुमचं दोन गाड्या तणस लिहिलं."

"माझ्या आंगणात तर काडी नाई."

"धान किती झालं त्यावरून काढलं."

"अवं, तणस रामाजीकडं जाते. त्याचे बैल माझं वावर नांगरते ना."

"रामाजीभाऊंच्या मांडवावर दोन गाड्या होतं. तेही लिहिलं."

"तेच माझं."

"तेच?"

"अन् त्याच्या घरचं शेण लिहिलं का?"

"लिहिलं. दोन बैलांचं."

"बैल काय खाते?"

"तणस."

"कोनाचं?"

"तुमचं."

"मंग माझं एकच तणस तू तीनदा जाळलं, पोरी. शेण तर खत म्हणून माझ्याच वावरात येते."

"बापा. पूर्ण गावात असंच लिहिलं मी. आज कागद द्यायचे आहेत."

"खोड मंग. गाडीले टाइम आहे."

"सगळं खोडलं तर साहेब विचारतील, एवढं तणस जाते कुठी?"

"सांग, आमच्याकडं त्याचं मशीन आधीच चालू आहे."

"मशीनचं नाव लिहा लागते फारमात."

"लिही. एक लाल्या, एक काजळ्या."

"दोन्ही चालू?"

"लाल्या दुपारी बसते."